डिजिटल प्रेशर गेजचं डेटा लॉगिंग: शॉपमधल्या हवेपासून द्राक्षबागेतल्या ठिबकपर्यंत

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शॉपमध्ये (कारखान्यात) विचारा, "एअरचं प्रेशर किती?" उत्तर येतं, "सात केजी आहे की." हा सात केजी (दर चौरस सेंटीमीटरला सात किलो दाब) म्हणजे कुणीतरी मघाशी काट्यावर पाहिलेला एक आकडा. दुपारी सीएनसीने (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने) लो एअर प्रेशरचा अलार्म दिला तेव्हा हेडरमध्ये, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपमध्ये, नेमकं किती होतं? सुट्टीच्या दिवशी एकही मशीन चालू नसताना कॉम्प्रेसर अधूनमधून लोड का घेत होता, म्हणजे हवा का भरत होता? हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी लॉगिंगवालं डिजिटल गेज आणलं जातं, पाइपला बसवलं जातं आणि बहुतेक ठिकाणी ज्या सेटिंगवर खोक्यातून निघालं त्याच सेटिंगवर चालवलं जातं. दोन दिवसांनी फाइल उघडली की हजारो ओळी असतात आणि हवं ते त्यात सापडत नाही.

गेजच्या मेन्यूतली नावं कंपनीप्रमाणे बदलतात. काही गेजमध्ये सगळं बटणांवर होतं, काहींना यूएसबी केबल आणि सॉफ्टवेअर लागतं, काही ब्लूटूथवरून मोबाइलला जोडली जातात. सेटिंग मात्र सगळीकडे जवळपास तीच असतात.

गेज बाहेर काढायच्या आधी

एका कागदावर एकच ओळ लिहा: मला काय शोधायचं आहे? "प्रेशर बघायचंय" हे उत्तर चालणार नाही. "सुट्टीच्या दिवशी शॉपची लाइन किती हवा गाळते", "शिफ्ट चालू असताना प्रेशर ५.५ बारखाली किती वेळा आणि किती वेळ जातं", "रात्रीच्या लाइटीत ठिबकचा फिल्टर किती वाजता चोंदतो", "हायड्रो टेस्टमध्ये (पाणी भरून दाब देऊन पाइप तपासताना) लाइनने दोन तास प्रेशर धरलं का" असं लिहा. पुढचं प्रत्येक सेटिंग या ओळीवरून ठरतं. एकाच गेजवर दोन प्रश्न सोडवायचे असतील तर दोन वेगळे लॉग लावा. एका लॉगमध्ये दोन्ही कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

गेज त्या कामाचं आहे का, हेही इथेच तपासा. अचूकता बहुधा पूर्ण रेंजच्या टक्क्यात दिलेली असते. ०.२५ टक्केवालं ० ते १० बारचं गेज ०.०२५ बारपर्यंत चुकू शकतं, तर तेवढ्याच टक्क्यांचं ० ते १०० बारचं गेज ०.२५ बारपर्यंत. हायड्रॉलिक पॉवर पॅकवरचं गेज काढून एअर लाइनच्या लीकेज टेस्टला लावलं, तर स्क्रीनवर दशांशानंतर तीन आकडे दिसतील, पण त्यांवर भरवसा ठेवता येणार नाही. आणि तेलात वापरलेलं गेज ऑक्सिजनच्या लाइनवर कधीही लावू नका. तिथे प्रश्न अचूकतेचा नसतो, आगीचा असतो.

बसवताना गेजचं डोकं धरून फिरवू नका. खालच्या षटकोनावर पाना लावा. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) मापाचे आटे दोन-तीन फेरे एकमेकांत जातात आणि मग गळतात, म्हणून योग्य अडॅप्टर वापरा. गेजखाली छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि हवा सोडायची सोय असेल तर उत्तम, कारण झीरो घेताना त्याच व्हॉल्व्हची गरज पडते. वाफेच्या लाइनवर सायफनशिवाय (गरम वाफ थेट गेजमध्ये जाऊ न देणाऱ्या वळणदार नळीशिवाय) गेज लावायचंच नाही.

घड्याळ

या सेटिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बॅटरी बदलली की बऱ्याच गेजचं घड्याळ कुठल्यातरी जुन्या तारखेवर जाऊन बसतं. सॉफ्टवेअरमधून जोडलं असेल तर कॉम्प्युटरची वेळ गेजमध्ये पाठवण्याचा पर्याय असतो, तो दाबा. टाइम झोन विचारला तर साडेपाच तास पुढचा भारतीय वेळेचा पर्याय निवडा. डेलाइट सेव्हिंगची खूण असेल तर ती काढून टाका.

त्यानंतर ज्या यंत्राशी नोंदी जुळवायच्या आहेत त्याच्या स्क्रीनवरची वेळही बघा. सीएनसीचं किंवा कॉम्प्रेसर कंट्रोलरचं घड्याळ मोबाइलच्या चार मिनिटं मागे असणं अगदी नेहमीचं आहे. ते दुरुस्त करायची परवानगी नसेल तर फरक कागदावर लिहून ठेवा: "मशीन ४ मिनिटं मागे". अलार्म आधी आला की प्रेशर आधी पडलं, हे नंतर या एका ओळीवर ठरतं.

युनिट आणि झीरो

बोलण्यात आपण केजी म्हणतो, कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर बार असतो आणि जुन्या रेग्युलेटरवर पीएसआय. ७ केजी म्हणजे ६.८६ बार, १०० पीएसआय म्हणजे ६.८९ बार. ७ केजी आणि ७ बार यांत ०.१४ बारचा फरक आहे आणि लीकेज टेस्टमध्ये एवढ्यावर निकाल फिरतो. लॉगसाठी बार निवडा आणि पूर्ण काम होईपर्यंत बदलू नका. काही गेज त्या वेळी स्क्रीनवर असलेल्या युनिटमध्ये नोंद साठवतात, काही कायम एकाच मूळ युनिटमध्ये. फाइलच्या वरच्या ओळींत ते लिहिलेलं असतं.

झीरो घेताना गेज हवेला पूर्ण उघडं हवं. बॉल व्हॉल्व्ह बंद करा, अडकलेली हवा सोडा, गेज चालू करून काही मिनिटं तसंच राहू द्या आणि मग झीरो करा. लाइनमध्ये प्रेशर असताना चुकून झीरो दाबला गेला तर पुढच्या सगळ्या नोंदी तेवढ्याने कमी येतात आणि आलेख मात्र एकदम सुंदर दिसतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. टेअर, म्हणजे आत्ताचं वाचन शून्य धरून पुढे फक्त फरक दाखवणं, हे वेगळं सेटिंग आहे. आधीच्या माणसाने टेअर लावून ठेवला असेल तर तो काढा.

इथे नाशिकची उंचीही मध्ये येते. शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथल्या वातावरणाचा दाब साधारण ०.९४ ते ०.९५ बार असतो, मुंबईत १.०१ च्या जवळ. आतून निरपेक्ष दाब (पूर्ण पोकळीपासून धरलेला, म्हणजेच अ‍ॅब्सोल्यूट) मोजून त्यातून ठरावीक आकडा वजा करणारी गेज मुंबईत झीरो करून आणली तर अंबडमध्ये उघड्यावर उणे ०.०६ ते ०.०७ बार दाखवतात. गेज बिघडलेलं नसतं. पुन्हा झीरो घ्या. मेन्यूत गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट असे दोन पर्याय असतील तर एअर आणि पाण्याच्या कामाला गेज, व्हॅक्यूमच्या कामाला शक्यतो अ‍ॅब्सोल्यूट.

इंटरव्हल: इथेच लॉग बिघडतो

दोन वेगळ्या गोष्टी आधी वेगळ्या करा. गेज सेन्सर किती वेळा वाचतं तो सॅम्पल रेट, आणि त्यातलं मेमरीत किती वेळाने लिहितं तो लॉग इंटरव्हल. सेकंदाला तीनदा वाचणारं गेज मिनिटाला एकदाच लिहीत असेल तर मधल्या वाचनांचं काय होतं, हे पुढच्या सेटिंगवर अवलंबून आहे.

मी वापरतो तो हिशेब असा: जी घटना पकडायची ती कमीत कमी किती वेळ टिकते ते बघा आणि तेवढ्या वेळात निदान दहा नोंदी येतील असा इंटरव्हल ठेवा. कॉम्प्रेसरचं लोड-अनलोड चक्र ९० सेकंदांचं असेल तर ५ सेकंद चांगला, १० ही चालेल. टूल चेंजच्या वेळी क्षणभर पडणाऱ्या प्रेशरसाठी १ सेकंद किंवा गेज देत असेल तेवढा कमी. दोन तासांच्या हायड्रो टेस्टला ३० सेकंद पुरतात.

चक्र ६० सेकंदांचं आणि इंटरव्हलही ६० सेकंदांचा, ही जोडी सगळ्यात वाईट. प्रत्येक नोंद चक्राच्या त्याच ठिकाणी पडते आणि प्रेशर दिवसभर ६.४ वर स्थिर असल्याचं फाइल सांगते, प्रत्यक्षात ते ६ ते ७ बारमध्ये नाचत असतं. रोज त्याच मिनिटाला स्टँडवर डोकावणाऱ्याला दर वेळी एकच एसटी उभी दिसावी, तसा हा प्रकार. चक्र इंटरव्हलएवढंच नसून थोडं कमीजास्त असेल तर आलेखावर एक संथ लाट दिसते, जी लाइनमध्ये नसतेच. अशी गोलाईदार लाट दिसली की इंटरव्हल निम्म्यावर आणून पुन्हा लॉग करा. लाटेची लांबी बदलली तर ती खोटी होती.

पंप बंद होताना बसणारा पाण्याचा दणका, ज्याला वॉटर हॅमर म्हणतात, काही मिलिसेकंदांत होऊन जातो. सेकंदाला दोन-तीनदा वाचणारं गेज तो बघतच नाही, इंटरव्हल कितीही कमी करा. तिथे वेगवान ट्रान्समीटर आणि वेगळा रेकॉर्डरच लागतो.

काही गेजमध्ये वेळेऐवजी बदलावर लिहिण्याची सोय असते: प्रेशर ०.१ बारने हललं की नोंद. मेमरी वाचते. पण हा आकडा गेजच्या स्वतःच्या थरथरीपेक्षा मोठा ठेवा, नाहीतर काहीही न घडता मेमरी भरेल. आणि अशा फाइलचा आलेख एक्सेलमध्ये काढताना लाइन चार्ट घेऊ नका, स्कॅटर घ्या. नोंदींमधलं अंतर सारखं नसतं, पण लाइन चार्ट ते सारखंच धरून चालतो.

सरासरी, किमान की कमाल?

रेकॉर्ड मोडमध्ये साधारणपणे क्षणाचं वाचन, इंटरव्हलमधली सरासरी, किमान आणि कमाल असे पर्याय असतात. सरासरी दिसायला छान असते आणि नेमकी गोष्ट लपवते: १० सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये प्रेशर एका सेकंदासाठी ४.८ वर गेलं तर सरासरी ६.२ च्या वरच दिसेल. मशीनचा अलार्म सरासरीवर वाजत नाही. अलार्म शोधत असाल तर किमान घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह का उडतो ते शोधत असाल तर कमाल. लीकेज टेस्ट आणि हायड्रो टेस्टला सरासरी योग्य, कारण तिथे हळूहळू होणारा बदल बघायचा असतो आणि थरथर नको असते. दोन-तीन किमती एकत्र साठवता येत असतील तर साठवा, फक्त त्याने मेमरी लवकर भरते.

डॅम्पिंग किंवा फिल्टर नावाचं एक सेटिंग स्क्रीनवरचा आकडा शांत ठेवण्यासाठी असतं. बऱ्याच गेजमध्ये ते नोंदीवरही लागू होतं. झटके शोधताना ते बंद किंवा सगळ्यात कमी ठेवा.

सुरू कधी, बंद कधी

बटण दाबल्यावर सुरू, ठरलेल्या वेळी सुरू, आणि ठरावीक प्रेशर आल्यावर सुरू, असे तीन प्रकार बहुतेक ठिकाणी मिळतात.

तिसऱ्याची किंमत निफाड-दिंडोरीच्या बागेत कळते. शेतीची थ्री-फेज लाइट पाळीने येते, रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर ऑटो स्टार्टरवर केव्हातरी मध्यरात्रीनंतर सुरू होते. वेळेवर लॉग लावला तर पहिले दोन-तीन तास शून्याच्या नोंदी. त्याऐवजी ट्रिगर ०.५ बारवर ठेवा. मोटर सुरू झाली, पाइप भरला, प्रेशर चढलं की लॉग आपोआप चालू. थांबण्यासाठीही खालचा ट्रिगर देता येत असेल तर तो ०.३ वर ठेवा. दोन्ही आकडे सारखेच ठेवले तर प्रेशर त्या रेषेवर हेलकावताना लॉग सतत चालू-बंद होत राहील.

फिल्टरसाठी आत आणि बाहेर अशी दोन गेज हवीत आणि दोन्हींची घड्याळं एकाच मोबाइलवरून लावलेली हवीत. दोघांतला फरक फिल्टर स्वच्छ असताना किती होता ते आधी लिहून घ्या. तो ०.५ बारच्या आसपास गेला की सँड फिल्टर उलटा धुवायची वेळ झाली. तो कोणत्या वेळी वाढू लागतो ते फाइलमध्ये दिसतं. विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर गाळ यायला लागतो का, हेही त्यातच सापडतं.

मेमरी भरल्यावर काय करायचं, हे शेवटचं. "थांब" निवडलं तर सुरुवातीचा भाग टिकतो, "गोल फिरव" निवडलं तर जुन्या नोंदी पुसून नव्या येतात. टेस्टला नेहमी "थांब". केव्हा होईल ते माहीत नसलेल्या बिघाडाची वाट बघायची असेल तर "गोल फिरव", पण मग बिघाड झाल्याबरोबर शिफ्टमधल्या कुणीतरी लॉग थांबवायला हवा. गेजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, नाहीतर सकाळपर्यंत हवी ती नोंद पुसली गेलेली असेल.

मेमरी आणि बॅटरीचा हिशेब

समजा गेजमध्ये २०,००० नोंदी मावतात. १ सेकंदाने ५ तास ३३ मिनिटं, म्हणजे एक शिफ्टही पूर्ण नाही. ५ सेकंदांनी २७ तास ४६ मिनिटं. १ मिनिटाने जवळजवळ १४ दिवस. आपला इंटरव्हल यात बसत नसेल तर कालावधी कमी करा, इंटरव्हल वाढवू नका.

बॅकलाइट बंद, ब्लूटूथ काम झाल्यावर बंद. ऑटो-ऑफ नीट तपासा: काही गेजमध्ये तो फक्त स्क्रीन झोपवतो, काहींमध्ये लॉगच थांबवतो. लांबच्या लॉगला नवीन बॅटरीच घाला आणि बॅटरी घातल्यावर घड्याळ पुन्हा बघा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या किंवा बांधावरच्या पाइपवर गेज असेल तर सावली करा. बऱ्याच गेजची तापमान-भरपाई (तापमानामुळे येणारी चूक आपोआप दुरुस्त करणं) ५० अंशांपर्यंतचीच असते आणि एप्रिलच्या उन्हातला धातू ते सहज ओलांडतो.

आधी पाच मिनिटांची ट्रायल

लॉग सुरू करा, लाइनवरचा एक कॉक मुद्दाम उघडून बंद करा, वेळ लिहा, लॉग थांबवा, फाइल उतरवा. उघडलेला कॉक त्या वेळेला, त्या युनिटमध्ये, अपेक्षित खोलीचा खड्डा म्हणून दिसतोय का? शेजारच्या काट्याच्या गेजशी आकडा ढोबळमानाने जुळतोय का? दिसत नसेल तर आत्ताच सेटिंग बदलता येतं, दोन दिवसांनी नाही. ट्रायलची फाइल पुसून, मेमरी रिकामी करून मग खरा लॉग लावा.

फाइल उतरवताना

उतरवलेली मूळ सीएसव्ही फाइल तशीच बाजूला ठेवा आणि कॉपीवर काम करा. नावात जागा आणि तारीख असू द्या. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका, एक्सेलच्या डेटा टॅबमधून आयात करा आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा स्वतः निवडा. नाहीतर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून बसतात.

मग नोंदी मोजा. ८ तासांचा लॉग ५ सेकंदांनी म्हणजे ५,७६० नोंदी. फाइलमध्ये ४,१०० असतील तर मध्ये काहीतरी थांबलं होतं. आलेख नंतर बघा, आधी ते शोधा.

आलेखातून गळती काढणं

सुट्टीच्या दिवशी कॉम्प्रेसरने लाइन ७ बारला भरून घ्या, कॉम्प्रेसर बंद करा, वापराचे सगळे कॉक नेहमी असतात तसेच ठेवा आणि ५ सेकंदांचा लॉग लावा. समजा रिसीव्हर (हवेची टाकी) १,००० लिटरचा आणि पाइपलाइन अंदाजे २०० लिटरची, म्हणजे १.२ घनमीटर. लॉगमध्ये प्रेशर ७ वरून ६ बारवर यायला ८ मिनिटं लागली. पडलेला १ बार भागिले नाशिकचा ०.९४५ बारचा वातावरणदाब, गुणिले १.२, भागिले ८. उत्तर ०.१५९ घनमीटर प्रतिमिनिट, म्हणजे साधारण ५.६ सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट). सात बारला एक सीएफएम हवा बनवायला लागणारी वीज धरली तर ही गळती ढोबळमानाने एक किलोवॅटचा कायमचा भार आहे, दिवसाला २४ युनिट. पुरुषभर उंचीवरचे कपलर (नळी जोडायचे सांधे) आणि एफआरएल युनिट (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरचा संच) आधी तपासा, बहुतेक गळती तिथेच सापडते. मग एकेका लाइनचा व्हॉल्व्ह बंद करत तीच टेस्ट पुन्हा घ्या. ज्या लाइनने आलेखाचा उतार सपाट होतो ती लाइन दोषी.

रात्रभर बंद ठेवलेल्या लाइनची टेस्ट करत असाल तर तापमान सोडू नका. ६ बारला भरलेली लाइन संध्याकाळी ३५ अंशांवर आणि पहाटे २२ अंशांवर असेल तर एक थेंबही हवा न गळता प्रेशर ०.२९ बारने उतरतं. हिशेब करताना प्रेशर निरपेक्ष घ्या, म्हणजे ६ मध्ये ०.९४५ मिळवा, आणि तापमानात २७३ मिळवा: ६.९४५ गुणिले २९५ भागिले ३०८. गेज तापमानही नोंदवत असेल तर तो रकाना चालू ठेवा, पण ते सेन्सरचं तापमान असतं, पाइपचं नाही. पाइपला टेप लावून वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवलेला बरा.

पाण्याच्या हायड्रो टेस्टमध्ये हे आणखी तिखट असतं, कारण बंद पाइपमधलं पाणी जवळजवळ दबतच नाही आणि थोड्याशा तापमान-बदलाने प्रेशर कित्येक बारने हलू शकतं. उघड्यावरची टेस्ट सूर्य चढायच्या आत किंवा मावळल्यावर घ्या, हवा पूर्ण काढून टाका आणि प्रेशर चढवल्यावर ते स्थिरावेपर्यंतचा भाग निकालात धरू नका. तो भाग फाइलमधून कापूही नका. इन्स्पेक्टर तो मागतो.